बांधावरची तीन भोकं

मित्रांनो, आधी पायांखालची जमीन चाचपून घेतो आणि मगच बोलतो, राग मानू नका. मी पौडच्या एका फोटो स्टुडिओतला जुना ट्रायपॉड आहे. दुकानात मला सगळे नुसतं ‘स्टँड’ म्हणतात. पाय तीन, डोकं एक आणि स्वभाव संशयी. दुसऱ्याचा महागडा कॅमेरा डोक्यावर घेऊन उभं राहायचं, तर कोणावरही पटकन विश्वास ठेवून चालत नाही. जमिनीवर तर मुळीच नाही.

दुकानाचे मालक आबा यांनी मला पुण्याहून एसटीनं आणलं, तेव्हा मी नवाकोरा होतो. मांडीवर घेऊन बसले होते, लेकरासारखं. मग किती वर्षं मी राबलो! पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो. पोरं हलायची, गुरुजी ओरडायचे, पण मी कधी हललो नाही. आबा गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे, “माझा स्टँड म्हंजी खांब हाय, खांब.” त्यांचा एक नियम होता. फोटो बिघडला की ते आपल्या मुलाला, कैलासला, बजावायचे, “आधी आपलं हात बघ. मग गिऱ्हाइकाला बोल.”

पुढं घरोघरी मोबाईल आले. आबा थकून घरी बसले आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या एका पायावर ओली छत्री लटकू लागली. ज्यानं गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो पेलले, त्यानं छत्री पेलायची! फार वाईट वाटलं. त्या मोबाईलवर माझा राग आहे तो तेव्हापासून.

मग धरणाकाठी तंबू ठोकून राहिलेल्या हिंजवडीच्या काही पोरांनी कैलासला एक फोटो दाखवला. आभाळात चांदण्यांची गोल गोल कडी उमटली होती. कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवला की असं होतं. त्या वेळात जो उजेड हलतो त्याची रेघ उमटते, आणि अंधारात चालणारा माणूस फोटोत दिसतच नाही. कैलास वेडाच झाला. मला खाली काढलं, पुसलं, स्क्रूला तेल घातलं. मला वाटलं, पुन्हा दिवस पालटले.

पहिल्या प्रयोगात कैलासचा धक्का लागून चांदण्या शेवयांसारख्या वाकड्या आल्या. शिवाय पुण्याच्या बाजूचं आभाळ दिव्यांनी तांबूस असतं, म्हणून आम्ही ताम्हिणीच्या बाजूला सरकलो. पण कैलासनं एक चूक केली. तो काय करतोय हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. लग्नाचे फोटो काढणारा अंधाराचे फोटो काढतोय म्हटल्यावर लोक हसतील, याची त्याला लाज वाटत होती.

भातं कापून झाली होती. अशा एका संध्याकाळी आम्ही तिथल्या एका वस्तीवरच्या गोजराबाईंच्या शेताच्या कडेला उभे राहिलो. विचारलं कोणालाच नाही. ओलसर मातीत कैलासनं माझे तिन्ही पाय दाबले आणि उजेड होता तोवर एक फोटो काढून ठेवला. मग अंधार पडला, वारा सुटला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा थरथरलो. मला वजन हवं होतं. माझ्या पोटाशी एक आकडा आहे, त्याला पिशवी अडकवतात. डोळ्यांची अंधाराची सवय मोडेल म्हणून कैलासनं बॅटरी लावली नाही. बांधावरनं चाचपत दगड गोळा केले, पिशवीत भरले आणि मला अडकवले. मी लगेच स्थिर झालो. त्यातला एक दगड नारळाहून थोडा मोठा होता. त्याचा चुना माझ्या पायाला लागला. मला तेव्हाच संशय आला, पण मला तोंड कुठं आहे?

थोड्या वेळानं बांधावरनं एक बॅटरी हलत आली, दूरच थबकली आणि माघारी गेली. कैलास खूश झाला. म्हणाला, रेघ छान आली. दगडांसकट पिशवी त्यानं गाडीला अडकवली आणि आम्ही पौडला आलो.

दुसऱ्या दिवशी शेतावर आकांत झाला. गोजराबाईंच्या आणि त्यांचा दीर भिकू यांच्या शेतांमधला हद्दीचा दगड गायब होता. शेजारी मातीत तीन भोकं होती. आमच्या मुळशीत तीन पायांचं यंत्र दिसलं की लोक सातबारा शोधायला धावतात. आज मोजणी, उद्या खांब, परवा प्लॉटिंगचा फलक. गोजराबाईंनी सगळ्या वस्तीसमोर दिराला धरलं.

“मी डोळ्यांनी बघितलंय! यंत्र लावून उभा हुता एकजण. तूच आणलास त्यो एजंट! माझी जमीन खायाला निघालास व्हय?”

“वहिनी, लेकीची आण घेतो, मला काय बी म्हाईत न्हाई.”

“लेकीला मधी आणू नगं. तुझ्या दारात आता पाऊल ठेवायची न्हाई मी.”

मित्रांनो, हे साधं भांडण नव्हतं. भिकू पोरसवदा असताना त्याची आई गेली. त्याला गोजराबाईंनी भरवून वाढवलं होतं. आणि भिकूच्या लेकीचं, जान्हवीचं, लग्न तोंडावर आलं होतं.

लग्नाच्या फोटोचं ठरवायला भिकू दुकानात आला तेव्हा मी कोपऱ्यात उभा होतो, पिशवी पायाशी होती. त्याचा चेहरा उतरला होता.

“फोटूचं जरा ऱ्हाऊ दे, कैलास. वहिनीबिगर हळद कशी लागायची? पोरगी रडतीया.”

त्यानं सगळं सांगितलं. कैलास दचकला. भिकूला तो नाना म्हणायचा. “नाना, त्यो एजंट न्हवता. मीच हुतो तितं, चांदण्यांचं फोटो काढीत. पण दगडाला कोण शिवलं, ते माझ्या फोटोत घावल बघा!” त्यानं घाईनं कॉम्प्युटर लावला. बांधावर उजेडाची रेघ होती, दर दुसऱ्या पावलाला खाली बसणारी.

भिकूनं त्या रेघेवरनं बोट फिरवलं. “ही चाल वहिनीची हाय. गुडघा दुखतुया तिचा.” मग त्याचा आवाज बदलला. “म्हंजी तिनंच हलवला व्हय? आन् आळ माझ्यावर?”

बघा, संशय कसा असतो. गवताला लागलेल्या आगीसारखा, या बांधावरनं त्या बांधावर. मी कोपऱ्यात कासावीस झालो होतो. पिशवी माझ्या पायाशी होती हो! पण कैलासला आबांचा नियम आठवला असावा. तो फोटो मागं मागं नेऊ लागला. बॅटरीच्या रेघेच्या फोटोत दगड नव्हता. त्याच्या आधीच्यातही नव्हता. वाऱ्यानं बिघडलेल्या फोटोत मात्र पांढरा ठिपका होता. आणि उजेडातल्या पहिल्या फोटोत दगड स्वच्छ दिसत होता, चुना फासलेला. वारा आणि पिशवी यांच्या मध्ये तिथं एकच माणूस होता.

कैलासनं आपल्या हातांकडं पाहिलं. मग पिशवी उचलून टेबलावर उपडी केली.

“नाना,” तो म्हणाला, आणि चुना लागलेला दगड त्यानं पुढं सरकवला.

भिकूनं दगड ओळखला. शिवी हासडली, ती इथं सांगत नाही. मग म्हणाला, “चल. तिच्यासमोर सांग.”

गोजराबाईंनी ऐकलं आणि हात झटकला. “दोघं मिळून रचलंय तुमी. दगुड आणला, पर लावायचा कुटं ते कोण सांगणार? तुमी म्हनाल तितं?”

तेव्हा माझी पाळी आली. बांधावरच्या त्या तीन भोकांत माझे पाय पुन्हा बसले, अगदी चपखल. कैलासनं वर कॅमेरा लावला, पहिला फोटो मोबाईलवर उघडला आणि म्हणाला, “काकी, मी न्हाई सांगणार. तुमीच बघा आन् तुमीच सांगा.”

गोजराबाईंनी पदर खोचला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनला नाक लावलं. एकदा तिथं बघायचं, एकदा मोबाईलकडं. भिकू दगड घेऊन बांधावर वाकला होता.

“अजून तिकडं. तिकडं म्हनते न्हवं! तुझ्या अंगाला सरक.” तो सरकला. “आता लई झालं. मागं घे... हां. ऱ्हाऊ दे.” खाली मातीत दगडाची जुनी खळगी होती, दगड तिच्यात बसला. ज्याला सगळे मोजणीचं यंत्र म्हणत होते, त्यानं शेवटी मोजणी केली ती अशी.

तरी बाईंचा संशय गेला नव्हता. “आता दोघांचा फोटू काढ, मधी दगुड ठिवून. पुन्यांदा हलला तर म्हाईत पडंल.”

उजेड मावळत होता. कैलास म्हणाला, “अर्धा मिनिट अजिबात हलायचं न्हाई. हलंल त्यो पुसला जाईल.” दोघंही हट्टी. दगडाच्या दोन अंगांना असे उभे राहिले की आधी कोण हलतो ते बघू. मीही श्वास रोखला.

तो फोटो आज दुकानात लावलाय. दगड स्पष्ट, भिकू स्पष्ट, गोजराबाईंचा चेहरा स्पष्ट. फक्त त्यांचा उजवा हात नाही. तिथं धुकं आहे. भिकूच्या सदऱ्यावर भाताचं कुसळ चिकटलं होतं. त्या अर्ध्या मिनिटात ते काढल्याशिवाय बाईंना राहवलं नाही. जान्हवीच्या हळदीला पहिला हात त्यांचाच लागला.

मित्रांनो, मला चिखलातनं घरी आणलंत तर माझे पाय पुसून ठेवा, स्क्रूला तेल घाला, छत्री लटकवू नका. अंधारात कोणी उभं दिसलं तर लांबून माघारी फिरू नका, हाक मारा. आणि तुम्हीच अंधारात उभे असाल, तर आधी आपलं नाव सांगा. वजनाची पिशवी भरताना मात्र दगड नीट बघून उचला. परवा कैलास नदीकाठी दगड गोळा करत होता, तेव्हा मी प्रत्येक दगडाकडं डोळे वटारून बघत होतो.