हवालदार तांडेलांनी धरलेला काटा

हवालदार तांडेलांच्या पत्राला मी उत्तर दिले नाही, म्हणून आमच्या गावच्या चौकीत नऊ वर्षे बाराला पाच कमी आहेत.

'ग्रंथपालसाहेब,' त्यांनी लिहिले होते, 'शाळेची घंटा चोरल्याच्या संशयावरून छत्रीवाल्या धाकूला धरले आहे. चोरी मंगळवारी सकाळी झाली. तेव्हा आपण तुमच्या वाचनालयाच्या पायरीवर होतो, असे तो म्हणतो. पाहिले ते कळवा. चोवीस तासांत त्याला कोर्टापुढे न्यायचे असते. मुदत बाराला संपते. उत्तर येईपर्यंत मी काटा धरतो.'

धाकू पायरीवर माझ्याच छत्रीची काडी बसवत होता. पण तो मंगळवारच होता का? मी उत्तराचे सत्तर खर्डे केले. दर खर्ड्याबरोबर चौकी हातभर लांबत माझ्या घराकडे सरकली. आज सकाळी माझ्या पुस्तकांच्या कपाटाला गज फुटले होते.

आत धाकू होता. बाहेर तांडेल स्टुलावर उभे राहून दोन्ही हातांनी घड्याळाचा काटा धरून होते. मिशा पिकल्या होत्या. धाकू गजांतून त्यांना चहा पाजत होता.

"या अण्णा," तांडेल म्हणाले. "तुमच्याच घरात तुम्हाला या म्हणतोय, राग मानू नका."

"हात दुखत असतील."

"दुखतात. फौजदारसाहेब म्हणाले, दोन लाव आणि कबुली घे. म्हटलं, साहेब, हात मोकळे नाहीत."

"नऊ वर्षं हेच सांगतायत," धाकू हसला.

"मला वाराची शंका आहे," मी म्हणालो.

"शंका माझ्याकडेही आहे. नुसत्या शंकेवर माणूस आत ठेवायचा नसतो, अण्णा."

"काडी नीट बसली ना?" धाकूने मला विचारले.

मी छत्री उघडली. काडी घट्ट होती. मुठीवर, धाकूला दुरुस्तीला देताना लागलेला, माझा जांभळा अंगठा उमटलेला होता. नवी मासिके मंगळवारी येतात. शिक्क्याची शाई माझ्या बोटांना फक्त त्याच दिवशी लागते.

छत्री गजांना टेकवून मी लिहिले, 'मंगळवारच होता. धाकू माझ्यासमोर होता.'

"हातातच देऊ?"

"टपालानं पाठवा. घरात बसून लिहून घेतलं, असं कोणी म्हणायला नको."

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत मी पाकीट टाकले. घरात बाराचा पहिला ठोका पडला. खिडकीत तांडेल दिसले. काटा सुटला होता, पण त्यांचे दोन्ही हात तसेच वर होते, आणि धाकू गजांतून वाकून त्या हातांत माझी छत्री अडकवत होता.