पुढचा कार्बोरेटर

“पुढचा अजून हवा कमीच ओढतोय,” कानसेन म्हणाला आणि कानांतल्या दोन्ही नळ्या काढून त्यानं गळ्यात टाकल्या.

बॉनेटच्या पलीकडे डेंटिस्टबाई उभ्या होत्या. ती लाल, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार त्यांच्या थोरल्या भावाची. भावानं ती आयुष्यभर पोटच्या पोरासारखी सांभाळली, आणि हात थरथरायला लागले तेव्हा किल्ली बहिणीच्या हातात ठेवली. रविवारी त्याला शेजारी बसवून टेकडीपर्यंत फिरवून आणायचं बाईंनी कबूल केलं होतं. पण गाडी चढावर गुदमरायची, सिग्नलला बंद पडायची.

“जमत नसेल तर तसं सांगा,” त्या म्हणाल्या. “राग नाही यायचा मला.”

“जमत नाही असं नाही हो. समजत नाहीये.”

असं वाक्य गिऱ्हाइकापुढे त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्याचं तोंड उतरलं.

कानसेन हे नाव या मेकॅनिकला गॅरेजांच्या बाजारानं दिलेलं. गाडीला हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्बोरेटर असले की दोघांनी हवा सारखी ओढावी लागते, नाहीतर इंजिन लंगडतं. इतर लोक त्यासाठी मीटर लावायचे. हा दोन रबरी नळ्या घ्यायचा, पुढच्या कार्बोरेटरची डाव्या कानात, मागच्याची उजव्या कानात, आणि डोळे मिटून दोन्ही फुसफुसी सारख्या होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. त्यानं लावून दिलेली गाडी परत येत नसे.

या गाडीनं मात्र त्याचं डोकं पिकवलं होतं. पुढचा कार्बोरेटर क्षीण ऐकू येतोय म्हणून त्यानं त्याचा स्क्रू उघडला. तरी क्षीणच. मग पेट्रोल मोजून सोडणारा पितळी जेट काढून जरा मोठ्या भोकाचा घातला. इंजिन आणखी खोकायला लागलं. प्लग काढून बघावेत, तर पुढचे दोन काजळीनं काळेकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त झालेलं. कान म्हणत होता उपाशी आहे, प्लग म्हणत होते अजीर्ण झालंय. विश्वास कोणावर ठेवायचा?

बाई गेल्यावर त्यानं दोन्ही कार्बोरेटर उतरवले, धुतले, त्यांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा बसवले. आता दोष मागे जायला हवा होता. गाडी सुरू केली, नळ्या कानात घातल्या.

पुढचाच कमी.

तो स्टुलावर बसून राहिला. गाडीला भूत लागलंय असं कोणी म्हटलं असतं तर त्या क्षणी तो मानायला तयार होता.

“अहो! कधीची हाका मारतेय!”

त्यानं दचकून डावीकडे बघितलं. बायको हातभर अंतरावर उभी होती, खांद्याला पर्स, कपाळाला आठ्या. ऑफिसातून येताना ती घराची किल्ली घ्यायला थांबली होती.

“इंजिन चालू आहे ना,” तो पुटपुटला. मग एकदम म्हणाला, “जरा इकडे ये. हे कानात घाल.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं काही नाही. नुसतं ऐक. कुठला आवाज मोठा, एवढंच सांग.”

तिनं नाक मुरडत नळ्या घातल्या. “पुढचा.”

“अगं, उलटं सांगतेस. नीट ऐक.”

“नीटच ऐकतेय. पुढचा केवढ्यानं ओरडतोय. मागचा बिचारा गप आहे.”

त्यानं वैतागून नळ्या हिसकून घेतल्या आणि घाईघाईत कानात खुपसल्या. पुन्हा डावीकडचाच कमी ऐकू येत होता. त्यानं खाली पाहिलं. नळ्या उलटसुलट झाल्या होत्या. मागची नळी डाव्या कानात होती. म्हणजे आता मागचा कमी! त्यानं त्या पुन्हा बदलल्या. पुढचा कमी. पुन्हा बदलल्या. मागचा कमी.

मग त्यानं उजव्या कानातली नळी काढली आणि तिथं बोट घट्ट दाबून धरलं. समोर इंजिन धडधडत होतं, बायकोचे ओठ हलत होते, आणि त्याच्यापर्यंत पोचत होती ती लांबून कुठून तरी आल्यासारखी गुणगुण.

“काय झालं?” त्यानं बोट काढल्यावर तिचा प्रश्न ऐकू आला.

“गाडी बरी आहे,” तो म्हणाला. “हा डावा कान गेलाय.”

ती हसली नाही. “म्हणून उत्तर देत नव्हतात होय?” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय तुम्हाला. म्हणून मीही सोडून दिलं.”

गेले कित्येक महिने, हीच का अबोल झालीय, असं त्याला वाटत होतं.

त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला. जुना जेट परत बसवला, प्लग साफ केले. नळ्या बायकोच्या कानात दिल्या.

“आता?”

“पुढचा जास्त.”

“आता?”

“थोडासाच जास्त. थांबा... आता सारखे.”

“नक्की?”

“अहो, सारखे म्हणजे सारखे.”

त्यानं बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला. इंजिनाची थरथर सरळ, शांत झाली होती. हातालाही ती तेच सांगत होती.

शनिवारी डेंटिस्टबाई चढावर चक्कर मारून आल्या, त्या हसतच. “कमाल आहे तुमच्या कानांची!”

“माझ्या नाही,” तो म्हणाला. “बायकोनं लावलीय गाडी. माझा एक कान कामातून गेलाय. पुढच्या वेळी आणाल तेव्हा माहीत असावं.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, “मग रविवारनंतर दोघांनाही चक्कर मारून आणते. एकेकाला.”

त्या संध्याकाळी जेवताना तो नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि लगेच उठला. ताट उचललं, टेबलाला वळसा घालून बायकोच्या दुसऱ्या बाजूला आला. खुर्ची ओढून बसला. आता ती त्याच्या उजवीकडे होती.

“हं,” तो म्हणाला. “सांग.”

“काय सांगू?”

“राहिलेलं.”

तिनं भांड्यात पाणी ओतलं. थोडा विचार केला.

“समोरच्या आजी गेल्या, हे तरी माहितीय का?”

“कधी?” घास हातात तसाच धरून त्यानं विचारलं.