चालत्या माणसाची खुर्ची

"बाबा, बसा हो. तिसऱ्यांदा सांगतेय."

"आणि मी तिसऱ्यांदा सांगतोय, मला चालता येतं. रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो."

मावशीने कपाळाला हात लावला. विमानतळावर तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून मोठे हमालसुद्धा. चौदा वर्षं ती परदेशी जाणाऱ्यांच्या व्हीलचेअर ढकलत होती. आजची ही नववी. नऊपैकी खरोखर पाय दुखणारे दोन. बाकीच्यांना मुलांनी फोनवरून पढवलेलं : व्हीलचेअर मागा, रांग टळते, परकी भाषा बोलावी लागत नाही, विमान बदलताना कोणीतरी सोबत असतं. तिकडे विमान उतरलं की यातले निम्मे तुरुतुरु चालत बाहेर पडतात, असं तिच्या कानावर आलं होतं. "वरच्या हवेतच गुण येतो मेल्यांना," ती म्हणायची.

हे बाबा निवृत्त पंप मेकॅनिक. मुलाने पाठवलेल्या सूचनांचा चार पानी कागद त्यांनी तिच्या नाकासमोर धरला.

"औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. ठेवली. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी. आहे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका. माझ्याकडे नाहीच, तरी बॅग दोनदा उपसली. आणि हे बघा, खुर्चीतून उठू नका! जन्मभर विहिरीत उतरलो मी. आता पांगळा करून बोलावतोय."

"काळजीपोटी सांगतो हो पोरगा."

"काळजी होती तर न्यायला यायचं होतं."

मावशीचं लक्ष पुढच्या चढाकडे होतं. तपासणीनंतर विमानाच्या दाराकडे जाणारा तो लांबलचक उताराचा रस्ता, जाताना चढच. वर नवा सुपरवायझर हातात यादी घेऊन उभा होता. पन्नाशीपुढच्यांपैकी चढावर जो थांबेल त्याला उद्यापासून काम नाही, असं सकाळपासून सगळे कुजबुजत होते. मघाशी आठव्या खेपेला ती निम्म्यात थांबली होती, ब्रेक तपासल्यासारखं करत. तेव्हा तो चहाला गेला होता. आता हलायचं नाव घेत नव्हता.

"बाबा, ऐका," तिचा आवाज चढला. "तुम्ही चालत गेलात तर तो यादीवाला माझं नाव लिहील, प्रवासी खुर्चीतच हवा असा नियम आहे. आणि बसलात तर मी चढावर अडकेन, कारण गुडघा गेलाय माझा. तरीही नाव लिहील. काय करायचं ते करा. वीट आलाय मला सगळ्यांचा!"

बाबांनी कागद खाली घेतला. मग बिघडलेल्या पंपाकडे बघावं तसं तिच्या गुडघ्याकडे बघितलं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आवाज येतो?"

"कटकट करतो, तुमच्यासारखा."

"वायसर गेलाय. दाखवला नाही कुठं?"

"दाखवला. महिनाभर पाय वर करून पडा म्हणाले. माझं घर काय डॉक्टर चालवणार?"

बाबांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि खुर्चीत बसले. "ते खुर्चीमागचं पांघरूण द्या. मोठं आहे ते."

पांघरूण त्यांनी मांडीवरून थेट जमिनीपर्यंत सोडलं.

चढ लागला. मावशीने दात आवळले आणि जोर लावला, तर खुर्ची तिच्याआधीच पुढे निघाली. तिने वाकून पाहिलं. पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडलेल्या होत्या आणि पांघरुणाच्या काठाखाली बाबांचे जुने बूट टाचा रोवत, खुर्ची ओढत चालले होते.

"अहो बाबा..."

"पुढे बघा. मी आजारी माणूस आहे, मला बोलायला लावू नका."

सुपरवायझर जवळ आला. "मावशी, जमतंय ना?"

"न जमायला काय झालं?"

"काका, तुम्हाला काही त्रास?"

बाबांनी मान एका खांद्यावर टाकली, तोंड अर्धवट उघडं ठेवलं, एक हात मांडीवर लुळा पडू दिला. पलीकडच्या रांगेतल्या कोणीतरी चुकचुक केली. सुपरवायझरने यादीवर बरोबरची खूण केली आणि बाजूला झाला.

चढ अजून थोडा बाकी होता. मान तशीच लोंबत होती आणि पांघरुणाखाली पाय एकेक पाऊल टाकत होते.