सालमियातला फ्लेक्स

मी अभिनवला आधीच बजावलं होतं, वेबसाइट केलीस तेवढी पुरे. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाची निवडणूक, मतदार सगळे ओळखीचे, त्यात फ्लेक्स कशाला? पण माझा नवरा पडला कराडचा. फ्लेक्स लागल्याशिवाय आपण उभे आहोत हे त्याचं त्यालाच पटेना. मिरकाबहून भलामोठा फ्लेक्स छापून आणला. मध्ये हा हात जोडून, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्यात मला न विचारता मीही. आणि आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, गफूर, तोही. तेवढंच बिचाऱ्याला बरं वाटेल म्हणे.

लावला कुठे, तर इथे सालमियात, आमच्या दारासमोरच्या दिव्याच्या खांबावर. अरे, इथे बलदियाच्या, म्हणजे पालिकेच्या परवानगीशिवाय रस्त्यावर कागद चिकटवायची सोय नाही, आणि हा शहाणा खांबाला फ्लेक्स बांधतोय. तोही स्वतः नाही हं. शिडीवर चढवलं गफूरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गफूरचा फोन आला. बलदियाची गाडी आलीय, खाली या, एवढंच कसंबसं बोलला. अभिनव प्रचाराला फहाहीलला गेलेला. मी चपला अडकवून धावले.

इन्स्पेक्टरच्या हातात गफूरचा सिव्हिल आयडी होता. मराठी त्याला कुठली वाचता येणार? पण फोटोतला गफूर आणि समोरचा गफूर त्याने बरोबर जुळवला होता. मी नाही लावला, असं गफूर घाबरून म्हणत राहिला. मग इन्स्पेक्टरने फ्लेक्सवरचा चौकोनी कोड मोबाइलने स्कॅन केला आणि आमच्या साहेबांची लाडकी वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर ‘प्रचाराचा शुभारंभ’ आणि शिडीवर एकटा गफूर, दोरी आवळताना. फोटो काढणारा अभिनव फोटोत कसा दिसणार?

इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, ह्याला घेऊन जातो, पुढचं ऑफिसात. ज्याच्या नावावर गफूरचा व्हिसा, त्या कफिलला कळलं की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की परतीचं विमान. अभिनवचं नाव सांगावं, तर उद्या तीच वेळ आमच्यावर. आमच्या लेकीची, आर्याची बारावी चालू आहे आणि तिचा इकामा, इथे राहायचा परवाना, बापाच्या नोकरीवर टिकलेला.

मी अभिनवला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला,

“अगं, बांधला त्यानेच ना? तेवढंच सांग. हारिस आहे, सोडतील त्याला.”

“आणि नाही सोडलं तर?”

“दुसरीकडे कुठेतरी लागेल कामाला. तू आर्याचा विचार कर, योगिनी.”

असा संताप आला, की फोन खांबावर आपटावासा वाटला. आर्याचाच विचार करत होते मी. तिला घरी जाऊन काय सांगणार होते, की आपण इथे राहावं म्हणून गफूरला परत पाठवलं? गफूरला आमचं मराठी कळत नव्हतं, पण तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. आता हिच्या हातात आहे, हे त्याला कळलं होतं.

मी फ्लेक्सवरच्या हात जोडलेल्या माणसाकडे बोट केलं. दवाखान्यात पेशंटशी बोलते तसल्या मोडक्या अरबीत म्हणाले, “फ्लेक्स ह्याचा. हा माझा नवरा. गफूरने फक्त सांगितलेलं काम केलं.” आणि चालू फोन इन्स्पेक्टरच्या हातात दिला.

तो अभिनवशी बराच वेळ बोलला. त्याला सकाळी ऑफिसात हजर व्हायला सांगितलं आणि गफूरचा आयडी परत केला. दंडावर निभावेल की आणखी काही, कोण जाणे. गफूर फ्लेक्स उतरवायला शिडी आणायला गेला, मी तिथेच खांबाला टेकून उभी राहिले.

मंडळाचं मतदान पुढच्या शुक्रवारी होतं. माझं मत मी देऊन टाकलं होतं.