बाटलीवरची खरवडलेली चिठ्ठी

उद्धवरावांचं पत्र सोळा वर्षांपूर्वी आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते पत्र मी शब्दकोशात ठेवलं होतं, आणि शब्दकोश मी रोज उघडत असे.

उद्धवराव निंबर्ग्याचे शेतकरी. लहानपणी आम्ही दोघांनी एकाच पंतोजींकडे अक्षरं गिरवली. पुढे ते शेतात रमले आणि मी कल्याणीच्या सरकारी शाळेत मराठीचा मास्तर झालो. त्यांनी बायकोबद्दल लिहिलं होतं: ‘कलाबाईच्या डोक्यात खपल्या धरायल्यात. कपाळापस्तोर लाल झालंय, खाजवून रगत येतंय. आई म्हणती हे लागट हाय, तिचं ताट येगळं करा. तुम्ही पुस्तकं वाचलेले. हे एकाचं दुसऱ्याला लागतंय का न्हाई, तेवढं एका ओळीत कळवा. तुमचा शब्द आई मानंल.’

ती एक ओळ मला ठाऊक होती, आणि ती पुस्तकातून आलेली नव्हती. विसाव्या वर्षापासून माझ्या डोक्यात तेच होतं. निजामाच्या शाळेत गोंड्याची रुमी टोपी घालावी लागे, त्यामुळे ते झाकलं जाई आणि टोपीच्याच घामाने वाढतही असे. राख, चुना, गंधक, लिंबू, जे कुणी सांगेल ते मी गुपचूप चोळून पाहिलं होतं आणि डोकं सोलून घेतलं होतं. शेवटी गुलबर्ग्याच्या एका डॉक्टरांनी टोपी काढायला लावली. ते म्हणाले, “मास्तर, हा तुमच्या कातडीचा स्वभाव आहे. मुळापासून जाणार नाही, पण सांभाळलंत तर गप्प बसेल. आणि हे लागत नाही कुणाला.”

सांभाळायचं म्हणजे खपल्या नखाने उपटायच्या नाहीत. रात्री औषध लावून त्या मऊ होऊ द्यायच्या, सकाळी कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायच्या. राख-चुना बंद. घरी आलं की डोकं उघडं ठेवायचं. थंडीत पुन्हा उठेल, तेव्हा घाबरायचं नाही. एवढंच. एवढ्यानेच माझं निभावलं होतं.

पण ‘लागत नाही’ असं लिहिलं की उद्धवराव विचारणार, कशावरून? मग मला माझं डोकं दाखवावं लागलं असतं. मास्तराच्या डोक्यात खपल्या! दोनदा दौत उघडली, दोनदा झाकली. मग मी पळवाट काढली. माझ्या औषधाची एक भरलेली बाटली आळंदमार्गे निंबर्ग्याला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर पाठवली. बाटलीवर चिठ्ठी होती, तिच्यावर माझं नाव होतं. ती भिजवून मी चाकूने खरवडून काढली. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. औषध पोचलं म्हणजे उत्तर पोचलं, अशी मनाची समजूत घातली.

यंदा पौषात उद्धवरावांचा चुलतभाऊ राघोबा तुरी घेऊन बाजारात आला. त्यानेच मला हाक मारली.

“काय मास्तर, वळख हाय का इसरलात?”

“आहे की. कलावहिनी कशा आहेत?”

“हायत गोठ्याकडच्या खोलीत. ताट येगळं, तांब्या येगळा. माघात राजूबाईचं लगीन हाय. पोरगी हटून बसली, पयली हळद आईच्याच हातची पायजे म्हणून. म्हातारी म्हणती, त्या हातानं शिवलीस तर लगीनच मोडते.”

“अहो पण ते लागत नाही!”

“आता कामून म्हणायलात तसं? तुम्हीच तर सांगितलात.”

“मी? मी तर काहीच लिहिलं नव्हतं.”

“त्येच की!” राघोबा हसला. “साधं आसतं तर मास्तरनं चार वळी खरडल्या आसत्या. वंगाळ गोष्ट कोण कागदावर लिवतंय? वर बाटलीवरलं नावबी खरवडून धाडलात. म्हातारी म्हणली, ज्याचं नाव लिवायची मास्तरला लाज वाटली, त्यो महारोगच आसंल. बाटली तशीच उकिरड्यात पुरली.”

तो तुरीचा भाव सांगू लागला. मला ऐकू येत नव्हतं. ज्या नावाची लाज वाटली ते माझं होतं, हे तिथेच, बाजारात सांगायला हवं होतं. मी टोपी नीट केली आणि घरी आलो.

पत्नीला सगळं सांगून लिहायला बसलो. पहिल्या कागदावर ‘डॉक्टरांचं असं मत आहे की’ लिहिलं आणि फाडला. दुसऱ्यावर ‘माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना’ लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि तोही फाडला.

शारदाबाई, माझी पत्नी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “त्या गृहस्थांचं डोकं तीस वर्षं मी धुतेय. लिहा की तसं.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. माझं डोकं येऊन बघा म्हणावं. पोरांची बघा. तुमच्याच उशीवर निजले मी, एक खपली कुठे सापडली तर सांगा. त्या बाईला सोळा वर्षं कुणी उशी दिली का, ते बघा आधी.”

मी लिहिलं. ‘बाटलीवरचं खरवडलेलं नाव माझं होतं. मला तोच विकार आहे, चाळीस वर्षं. तो लागत नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं, भ्यालो. राजूबाईला पहिली हळद वहिनींनीच लावावी. आईंचा विश्वास बसत नसेल तर मी हळदीला येतो, मांडवात टोपी काढून बसतो.’ खाली डोकं कसं सांभाळायचं ते लिहिलं. सही केली. कलावहिनींची क्षमा मागणारी ओळ चांगली जमली नाही, तशीच ठेवली.

टपालपेटीपर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा टपालवाला हावगेप्पा पेटी रिकामी करत होता.

“मास्तर, टाकायलात का परत न्यायलात?” तो म्हणाला. “सकाळपासून बघायलो.”

“निंबर्ग्याला कधी पोचेल?”

“हळदीच्या आदी पायजे का मागनं?”

राघोबामुळे सगळ्या बाजाराला लग्न ठाऊक झालं होतं. मी म्हणालो, “आधी.”

“मग द्या हिकडं,” म्हणून त्याने पिशवी पुढे केली. मी पत्र तिच्यात टाकलं.