एका पायॉनची दोन मापं

कंग्राळीच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन दहाला उभं राहतं, म्हणून सत्कार साडेनवालाच सुरू होतात. यंदा सतरा होते. पेंडॉल दिलेले, स्पीकर दिलेले, देतो म्हणून न दिलेले. कमिटीचे अध्यक्ष परशराम आप्पा यांनी शेवटचा सत्कार कीर्तनानंतर ठेवला होता. कार्डावर छापलं होतं : ‘कु. तेजस्वी, अणूच्या पोटातलं गणित तंतोतंत जुळवल्याबद्दल’.

गणित जुळलेलं नव्हतं. तेजस्वीचं दुखणं तेच होतं.

पायॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची घट्ट बांधलेली जोडी. ती दिसत नाही. तिच्यावर इलेक्ट्रॉन आदळवायचा आणि तो कसा उडतो त्यावरून आतली ठेवण ओळखायची. थापेवरून पखवाजाच्या पुडीचा ताण ओळखावा तसं. त्या ठेवणीच्या आकड्यांना फॉर्म फॅक्टर म्हणतात. अडचण अशी, की थाप बसली की पायॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळत सुटतो. मग त्याच्याकडं कुठून बघायचं? तेजस्वीनं दोन जागा धरल्या. एकीवरून पायॉन आधी शांत उभा दिसतो. दुसरीवरून तो जितक्या वेगानं येतो, तितक्याच वेगानं माघारी जातो. देवाच्या घरचा कायदा असा, की कुठूनही बघा, माप एकच यायला पाहिजे. तिची दोन आली. एक प्रयोगाशी जुळलं, दुसरं सात टक्क्यांनी हुकलं.

तिचे गाईड महादेव सर म्हणाले होते, “हुकलेला तक्ता काढून टाक. सोमवारी प्रबंध गेला तरच जूनमध्ये निपाणीच्या कॉलेजची नोकरी. आणि बेळगावात राहून दोन उत्तरांचं काय घेऊन बसलीस? आपल्या शहराला दोन नावं आहेत, कुणाचं काही अडलं का?”

“सर, ते दुसरं उत्तर खोटं नाही. आपण काहीतरी चुकीचं धरून चाललोय, एवढंच ते सांगतंय.”

“तेच म्हणतो मी. कशाला सांगू द्यायचं?”

सोळा सत्कार उरकेपर्यंत सव्वाअकरा वाजले. भरमू बुवांच्या वाट्याला कीर्तनासाठी पाऊण तास उरला. तेवढ्यातही त्यांनी मंडप नाचवला. आणि रंग ऐन भरात असताना एकदम हात वर करून टाळ थांबवले. “माउली, मघाशी दुसरा चरण पहिल्याच्या आधी घेतला मी. माफी असावी. पुन्हा म्हणू.” कान धरले आणि पुन्हा म्हटलं.

“आगं, कुणालाबी कळलं नव्हतं,” तेजस्वीची आई जयाबाई कुजबुजली. “महाप्रसाद निवला की तिकडं!”

नाव पुकारल्यावर तेजस्वी उठली आणि शाल अंगावर पडायच्या आत तिनं माइक ओढून घेतला.

“कार्डावर लिहिलंय ते खरं नाही. गणित जुळलेलं नाही. एकच उत्तर यायला पाहिजे होतं. माझी दोन आलीत.”

पहिल्या रांगेत महादेव सरांनी फेटा कपाळावर ओढला.

“दोन?” परशराम आप्पांनी डोळे मोठे केले. “आयला! पुण्याच्या पोरास्नी एक काढता काढता घाम फुटतोय. आमच्या पोरीनं दोन काढली! अरं, आणखी एक शाल आणा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आप्पा, जास्त आलं म्हणजे चूक झाली.”

“असू दे गं. कमी पडलं असतं तर लाज. जास्त झालंय तर वाटून खाऊ.”

भरमू बुवा तेवढे पुढे झाले. “बाळ, चूक नेमकी कुठं?”

“इलेक्ट्रॉनचा मार एकट्या क्वार्कला बसतो आणि त्याचा जोडीदार नुसता बघत राहतो, असं धरलं होतं बुवा.”

“जोडीतल्या एकाला मारलं आणि दुसरं गप बसलं?” बुवांनी बायकांच्या बाजूला बघितलं. “गणित करणाऱ्याचं लगीन झालेलं न्हाय वाटतं!”

बायकांत हसू फुटलं, ते पंगत बसेपर्यंत थांबलं नाही.

पंगतीत महादेव सर तेजस्वीशेजारी येऊन बसले. “पेपरवाला आला होता. त्यानं ‘दोन उत्तरं’ असं लिहून घेतलंय. फोटोसकट.”

“व्हय सर.”

“आता एकच दाखवलं, तर आमच्या पोरीचं दुसरं कुणी चोरलं म्हणून हे परशराम आप्पा ट्रॅक्टर भरून माणसं विद्यापीठात आणतील.” सरांनी भाताला आळं केलं. “दोन्ही तक्ते राहू देत. जोडीदाराला हिशेबात घेऊन नवं प्रकरण लिही. तीन महिन्यांची मुदत मागून घेतो.”

“सहा लागतील, सर.”

“निपाणीची जागा जाईल.”

“जाईल.”

जयाबाई वाढत होती. तिनं आमटीची पळी क्षणभर तशीच धरली, लेकीच्या तोंडाकडं बघितलं, मग सरांच्या आळ्यात भरभरून आमटी ओतली.

“पोरगी सहा म्हणती तर सहाच लिवा, सर. उगं तीन लिवून तिला परत घाईला लावू नगासा.”