आठ दिवसांची बारी

सुकन्यानं पाकिटाला डिंक लावला आणि तेवढ्यात गेणबा पाठीमागं येऊन उभे राहिले. सणसरच्या घरात बापापासून परदेशी पत्ता लपवणं अवघडच. कुणाला लिहिलंस, असं त्यांनी विचारलं आणि लेकीला खरं सांगावं लागलं. बेल्जियमच्या प्रयोगशाळेनं तिला दिलेले आठ दिवस ती परत करत होती. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या भावाचं, रविराजचं लग्न होतं.

आठ दिवस कसले, हे समजावताना तिची पंचाईत झाली. तारा फुटतो तेव्हा त्याच्या पोटात अशी अणुकेंद्रकं तयार होतात, की सतरा सेकंदांत त्यातली निम्मी विरून जातात. ती तिथल्या यंत्रात बनवायची आणि विरायच्या आत मोजमाप उरकायचं. तारा फुटताना आत काय घडतं, ते त्यातून कळेल. यंत्र एकच, मागणारे पुष्कळ.

"आन् तू न्हाय घेतलं तर?"

"पुढच्याला जातं, तात्या. माझा नंबर मग दोन वर्षांनी."

ताऱ्यांचं गेणबांना कितपत कळलं देव जाणे, पण हे लख्ख कळलं. कालव्याच्या पाण्याची बारी त्यांनी तीस वर्षांत एकदाही सोडली नव्हती. हळदीच्या अंगानं ते उसाला पाणी द्यायला, दारं धरायला गेले होते, हे त्यांची बायको भागूबाई अजून पाहुण्यांना ऐकवायची. त्यांनी पाकीट उचलून खिशात घातलं.

दुपारी बापलेक कोऱ्हाळ्याला, नवरीच्या वडिलांकडे गेले. लग्न पुढं ढकलायचं म्हटल्यावर मोहनरावांचा चेहरा उतरला. पाहुण्यांचं मन फिरलं की काय, असंच त्यांना वाटलं. गेणबांनी लेकीच्या नंबरचं सांगितलं तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. मोहनरावही ऊसवालेच. त्यांनी पंचांग काढलं.

"पुढं कशाला? अलीकडं घिऊ. गुरुवारी मुहूर्त हाय. पोरीला भावाचं लग्नबी घावंल."

सुकन्याला फार आनंद झाला. मग तिला आठवलं. ऐन मे महिन्यातलं पाणी गुरुवारीच त्यांच्या रानावर येणार होतं, आणि घरचं दारं धरणारं प्रत्येक माणूस मांडवात असणार होतं.

गेणबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"चालंल," ते म्हणाले.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "तात्या, गुरुवारी आपली बारी हाय."

"ठावं हाय. पुढच्या पाण्यापातूर ऊस दम धरंल. तुझं त्ये न्हाय धरायचं."